पार्षदांची मुलाखत

सांगूनच ठेवते, विक्रमसिंह काकासाहेब मला डोळ्यासमोर नको असतात. सख्खे काका असले म्हणून काय झालं!

पण काम होतं. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला राज्यशास्त्रात प्रोजेक्ट असतं. माझा विषय महापालिकेतल्या महिला सदस्य. एका पार्षद बाईची, म्हणजे नगरसेविकेची, समोर बसून मुलाखत घ्यायची, उत्तरांखाली त्यांची सही घ्यायची आणि सोमवारी तोंडी परीक्षेत सगळ्यांपुढे वाचायची. वर्गातल्या पोरी जळल्या. "अवंतिका, तेरे तो घर में ही पार्षद है यार!"

आहेत ना. माझ्या विनिता काकी. शहरातल्या लश्कर भागातला आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, काकासाहेबांना उभं राहता येईना, म्हणून त्यांनी काकींना उभं केलं. निवडून काकी आल्या, हार काकासाहेबांच्या गळ्यात पडले. तेव्हापासून लोक त्यांना 'पार्षदपती' म्हणतात. लाज वाटायची सोडून ह्या माणसाने ते गाडीच्या काचेवर लिहून घेतलंय!

शनिवारी सकाळी गेले. त्यांच्या बाहेरच्या खोलीतच ऑफिस आहे. काकासाहेब खुर्चीत पसरून फोनवर बोलत होते, "हां हां, पार्षद बोल रहे हैं." माझ्या मस्तकात तिथेच तिडीक गेली.

"काकी कुठे आहेत?"

"आत. काय ते मला विचार."

"मुलाखत पार्षदांची घ्यायचीय. खाली सहीही त्यांचीच लागते."

"मग घे की! नाली, नळ, बिजलीचा खंबा, सगळं मीच बघतो. तिला काय माहीत?"

"तुम्ही त्यांना कळू द्याल तेव्हा ना! राखीव जागा बाईसाठी असते, तिच्या नवऱ्यासाठी नाही. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय."

नालीची तक्रार घेऊन आलेल्या दोघी बायका समोर बसल्या होत्या. त्यांच्यादेखत काकासाहेबांनी टेबलावर हात आपटला.

"पुस्तकातलं परीक्षेत लिही, माझ्या घरात नको! चार बुकं शिकली नि काकाला अक्कल शिकवायला आली. दौलतसिंह दादाला आजच सांगतो, पोरीचं कॉलेज पुरे झालं, स्थळं बघा."

"सांगा. मी भीत नाही बाबांना."

भीत होते. बाबा काकासाहेबांच्या शब्दाबाहेर नाहीत. पण त्या क्षणी माघार घेतली असती तर आरशात तोंड बघवलं नसतं. उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

काकी पोळ्या करत होत्या. काकासाहेब त्यांना बोलू देणार नाहीत हे ठाऊकच होतं, म्हणून उत्तरं मी घरूनच टाइप करून आणली होती. झकास लिहिली होती, मॅडम खूश होतील अशी.

"काकी, तुम्हाला काही त्रास नको. फक्त फुली आहे तिथे सही करा. मग बघा, भर वर्गात ह्यांची कशी जिरवते!"

काकींनी गॅस बंद केला, हात पुसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. इतकं कशाला वाचताहेत, असं झालं मला.

"'मी नावापुरती पार्षद आहे. माझा आवाज दाबला जातो.' हे मी कधी म्हणाले?"

"म्हणाला नाहीत. पण खरं आहे ना?"

"खरंखोटं राहू दे. म्हणाले कधी?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. काकींनी दिले नाहीत.

"ते सहीला कोरे कागद आणतात. तू भरून आणलेस. काकापेक्षा हुशार निघालीस."

"काकी, मी तर तुमच्या बाजूने..."

"माझी बाजू कोणती, विचारलंस? मुलींच्या शाळेसमोरचं दारूचं दुकान हलवा म्हणून वर्षभर भांडतेय मी. दुकानवाला ह्यांचा माणूस. घरात रोज तमाशा होतो त्यावरून. तरी भर सभेत उठून बोलले. आहे का कुठे तुझ्या कागदात?"

नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं.

"मग आता सांगा ना! मी सगळं नव्याने लिहून घेते."

"आता विचारतेस, कारण आता कामाचं निघालं. पेन दे."

"काकी, राहू दे..."

"दे म्हणते ना!"

पेन माझ्या हातातून ओढून घेऊन त्यांनी ओट्यावरच सह्या केल्या. एकेक पान उलटत, बरोबर फुलीवर. हात इतका सराईत चालत होता की मला बघवेना. माझ्याच प्रोजेक्टचा मला राग आला, आणि खरं सांगायचं तर काकींचाही आला.

"घे. सोमवारी वाच सगळ्यांपुढे. म्हण, माझ्या काकीला कोणी बोलू देत नाही."

कागद माझ्या हातात कोंबून त्यांनी गॅस पेटवला आणि पोळी तव्यावर टाकली.

बाहेरून काकासाहेब ओरडले, "काय गं, दिली का तिने सही?"

मी तोंड उघडायच्या आत काकींनीच उत्तर दिलं.

"दिली."