साहेबांचा पाहुणचार

सखुबाईच्या गोदाने गावच्या शाळेत सातवी पहिल्या नंबराने काढली, तेव्हा स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली होती. गावात त्यापुढे शाळा नव्हती. कल्याणला एका खासगी संस्थेचं हायस्कूल होतं, पण तिथली फी मिठागरावर राबणाऱ्या तिच्या बापाला, काळुरामला, कुठली झेपायला! मग गावच्या मास्तरांनीच सांगितलं, की गरीब घरच्या हुशार मुलांची फी आता सरकार भरतं, शाळा आईबापांनी पसंत करायची. फक्त ठाण्याहून एक साहेब येऊन घरची परिस्थिती पाहून जातील.

साहेब घरी येणार, एवढंच सखुबाईच्या कानात शिरलं. बाकीचं डोक्यावरून गेलं, आणि कळलं असतं तरी तिने वेगळं काही केलं नसतं. ठाकुर्लीपलीकडच्या त्या आगरी वस्तीत पाहुण्याला घरचं उणं दिसू देणं म्हणजे आपल्या हाताने नाक कापून घेणं. ज्याच्या घरी पाहुणा, त्याच्या घरी सगळ्या आळीची भांडी आणि आळीचे दागिने जायचे. ते कुणाचे, हे कुणी बोलून दाखवत नसे.

गोदाच हौसेने दारोदार फिरली. पितळी हंडे आले, नवी सतरंजी आली. शेजारच्या मंजुळाने आपली पुतळ्यांची माळ दिली, ती आईच्या गळ्यात गोदानेच बांधली. साहेब मासळी खातात की नाही कुणाला ठाऊक, म्हणून जिताड्याचं कालवणही झालं आणि साजूक तुपातला शिराही झाला.

साहेब बिचारे सज्जन होते. शिरा खाल्ला, गोदाला दोन गणितं घातली, शाबासकी दिली. मग हंड्यांकडे आणि सखुबाईच्या गळ्याकडे पाहत म्हणाले, "हे सगळं तुमचंच का?"

दारात मंजुळा उभी होती. काळुराम ताठ बसून म्हणाला, "आमचाच हाय, सायब. देवाचे किरपेन कमी काय नाय."

गोदाने चमकून आईकडे पाहिलं. पोर शिकलेली, तिला कळलं. त्या नजरेवरून काहीतरी बिघडलं, एवढं सखुबाईलाही उमगलं. पण पाहुण्यादेखत नवऱ्याला खोटं पाडायचं कसं? तिने साहेबांच्या ताटात आणखी शिरा वाढला.

पुढच्या आठवड्यात मास्तर मान खाली घालून आले. साहेबांनी घर खाऊनपिऊन सुखी ठरवलं होतं.

"पन ती माल मंजुलाची होती, गुरुजी," सखुबाई म्हणाली.

"सांगितलं मी. ते म्हणाले, आता सगळे असंच सांगतात."

हिवाळ्यात मिठागरं सुरू झाली आणि गोदा आईबरोबर मीठ वाहायला जाऊ लागली. ती रडली नाही की कुणाला बोलली नाही. तिने एकदा तरी आदळआपट करावी, असं सखुबाईला फार वाटे.

वैशाखात गोदाला पाहायला पाहुणे आले. मंजुळाने न मागता तीच माळ आणून दिली. सखुबाई ती लेकीच्या गळ्यात बांधायला बसली. मिठाने चिरलेले हात मांडीवर ठेवून गोदाने हळूच विचारलं, "आये, यांनी इचारला तं काय सांगू?"

सखुबाईला गाठ मारता येईना. बाहेर काळुराम पाहुण्यांना म्हणत होता, "बसा, बसा. आमचे घरान कमी काय नाय."