ग्राहक खोटं बोलतो

परीक्षेच्या खोलीत ग्राहकाच्या खुर्चीवर माझा सख्खा मामा बसला होता. नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राच्या या प्रात्यक्षिकात एक बिघडलेला कॉम्प्युटर असतो आणि एक खोटं बोलणारा ग्राहक. ग्राहक व्हायला संस्था निवृत्त माणसं बोलावते. गुण कॅमेऱ्यावरून तिसराच कोणी देतो, त्यामुळे नात्याची कुणालाच फिकीर नव्हती.

माझं लक्ष मात्र आईकडे होतं. सकाळी मामाच तिला तपासणीचा निकाल ऐकायला दवाखान्यात घेऊन गेला होता. तिथून परस्पर इथे आला आणि दारातच म्हणाला, "ताई ठणठणीत आहे. तू परीक्षा नीट दे." मला ते पटलं नव्हतं. आईचा फोन लागत नव्हता. शिवाय मामा कुठलीही बातमी तिखटमीठ लावल्याशिवाय सांगत नाही, आणि ही मात्र एका वाक्यात उरकली.

"बोला साहेब, काय तक्रार?"

"मॅडम, शुक्रवारपर्यंत इंटरनेट छान चालत होतं. आज बंद. आणि आधीच सांगतो, मी कशालाही हात लावलेला नाही."

काय तो साळसूदपणा! सकाळीही अगदी हाच चेहरा होता.

केबल घट्ट होती, तिच्या खाचेजवळचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे तार शाबूत. मग पत्ता पाहिला. नेटवर्कमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता असतो. इथे तो कुणीतरी हाताने भरला होता, आणि भिंतीतल्या या सॉकेटच्या नेटवर्कचा तो नव्हताच. शेजारच्या गल्लीचा पत्ता दारावर लावून या गल्लीत पोस्टमनची वाट पाहावी, तसा प्रकार. एक तर पत्ता बदलला होता, नाहीतर जागा. "हात लावलात का?" असं पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता. चोर थोडाच म्हणणार, मी चोर आहे म्हणून! सरळ प्रश्नाचं उत्तर खोटारड्याला पाठ असतं. आडून विचारलं की तो बेसावध सापडतो.

"साहेब, दुपारी स्क्रीनवर ऊन येतं का हो?"

"छे, आता कुठलं? खिडकीशी बसायचो तेव्हा फार—" मामाने जीभ चावली.

टेबल हलवलं होतं तर! मी लांब केबल घेऊन खिडकीजवळच्या सॉकेटला जोडली. इंटरनेट सुरू झालं. दोन-चार पानं उघडून खात्री केली आणि कारण लिहून दिलं. थोड्या वेळाने बाहेरच्या पडद्यावर माझ्या क्रमांकापुढे 'उत्तीर्ण' आलं.

"पोपटासारखं बोलायला लावलंस की मला!" मामा माझी पाठ थोपटत हसला. जरा जास्तच हसला.

आईबद्दल विचारलं असतं तर पुन्हा 'ठणठणीत' हेच ऐकावं लागलं असतं.

"मामा, घरी जाताना आईसाठी काहीतरी खायला घेऊया. भूक लागली असेल तिला."

"नको, नको. उद्या सकाळपर्यंत तिला उपाशीच ठेवायचं म्हणालेत—"

मी त्याची वाट अडवली.

"ऑपरेशन आहे?"

मामाने मान खाली घातली. "तिनेच शपथ घातली होती गं. पोरीची परीक्षा होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही म्हणाली."

मला दोघांचाही भयंकर राग आला. रागापेक्षा भीती जास्त वाटत होती.

"कोणता वॉर्ड?"

मामाने माझा हात घट्ट धरला आणि भराभर जिना उतरायला लागला.