मागच्या सीटवरून

“काकू, तुमी जरा खाली उतरा ना,” रोशन म्हणाला. “मागचं चाक फिरवून पाहतो.”

मी ऐकू न आल्यासारखं केलं. गॅरेजात आल्यावर शहाणा माणूस गाडीवरून उतरतो, हे मलाही कळतं. पण उतरलं की पुन्हा चढावं लागतं, आणि दिवाळीपासून माझा उजवा गुडघा चढण्याच्या गोष्टीवर रुसून बसला होता. शेवटी उतरले. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पाच महिन्यांत त्या कामात मी चांगलीच तयार झाले होते.

रोशनचं गॅरेज वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागच्या गल्लीत आहे. त्याने चाक फिरवलं, चेन ओढून पाहिली, क्लच दाबला, सायलेन्सरला कान लावला. आमचे हे, म्हणजे बळीराम, हात मागे बांधून उभे होते. हे तिथल्याच धरमकाट्यावर कामाला आहेत. ट्रक काट्यावर चढला की वजनाचा आकडा थोडा वेळ हलत राहतो. तो थांबेपर्यंत बोलायचं नाही, ही ह्यांची तीस वर्षांची सवय.

“काका, दोन्ही टायर गेले,” रोशन हात पुसत म्हणाला. “चेनसेट गेला. क्लच प्लेटा, ब्रेक शू, सायलेन्सर. बारा हजार पकडून चाला. पासिंगची फी न् टॅक्स अलग.”

“बाप्पा!” मी म्हणाले. “बारा हजार? गाडी विकाले काढली त कोणी आठ नाही देणार.”

हे काही बोलले नाहीत. आकडा हलत असावा.

गाडीला पुढच्या महिन्यात पंधरा वर्षं होणार होती. पंधरा वर्षांनी मोटारसायकल आरटीओत नेऊन नव्याने पास करून घ्यावी लागते, तरच पुढे चालवता येते. आमची गाडी आम्ही पंचेचाळीस हजारांना घेतली होती, त्यातले वीस माझ्या भिशीचे. तेव्हा वाटलं, झालं, आता फक्त पेट्रोल टाकायचं. पण गाडी घेणं सोपं, पोसणं कठीण. ऑइल आहे, विमा आहे, दर तीन-चार वर्षांनी टायर, दर उन्हाळ्यात बसणारी बॅटरी, पीयूसीचा कागद. उड्डाणपुलाचं काम चाललं तेव्हा तीन वर्षं इतकी धूळ खाल्ली तिने, की एअर फिल्टर चहाच्या गाळणीसारखा झाला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे मी ह्यांना वर्षातून चारदा तरी ऐकवत असे. गाडीला मी माझी सवत म्हणायचे. हे रविवारी बादली घेऊन तिला धुवायला बसले की मी ओट्यावरून विचारायचे, “झाली का आंघोळ तिची? मंग मले बी पाणी द्या.” हे हसायचे आणि स्पोक पुसत राहायचे.

एवढं सगळं असूनही ती गाडी जाऊ नये असं मला वाटत होतं. त्याचं कारण मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही.

आमचे हे घरात बोलत नाहीत. भांडखोर नाहीत, रागीट नाहीत, नुसते बोलत नाहीत. “वाढ”, “पुरे”, “झोपतो” एवढ्यावर ह्यांचा दिवस निघतो. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, आपलं काही चुकतंय. पण गाडी आली आणि मला माणूस सापडला. रविनगरच्या शाळेत मी प्रयोगशाळेत परिचर आहे. रोज सकाळी हे मला शाळेत सोडतात आणि संध्याकाळी आणतात. गाडी अमरावती रोडला लागली की ह्यांच्या तोंडाचं कुलूप उघडतं. धाकट्या भावाने प्लॉटचे पैसे बुडवले, हे मला गाडीवर कळलं. सासूबाईंना कॅन्सर आहे, हेही गाडीवरच. आमच्या लेकीने, नूपुरने, स्वतःच पोरगा पसंत केला तेव्हा मी आठ दिवस ह्यांचा चेहरा पाहत होते, काही पत्ता लागेना. नवव्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली आणि हे समोर बघत म्हणाले, “पोरगा चांगला हाय. मी पाहून आलो.” माझ्याकडे पाठ असली की ह्यांना बोलता येतं. मी साडीत एका अंगाने बसणारी. सकाळी रस्त्याची एक बाजू पाहते, संध्याकाळी दुसरी, आणि उजवा हात ह्यांच्या खांद्यावर. शब्द वाऱ्याने उडाले तर खांद्यावरून कळतं.

आता सांगा, हे मी कोणाला सांगणार? आणि गुडघ्याचं तरी कसं सांगणार? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उंच चढायचं नाही, उडी मारून उतरायचं नाही. ते ह्यांच्या कानावर गेलं की गाडी जाणार, आणि गाडी गेली की पुन्हा “वाढ”, “पुरे”, “झोपतो”.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. काट्यावर दोन ट्रक येऊन उभे होते. “येतो दहा मिनिटांत,” म्हणून हे पायीच गेले. रोशनने मला स्टूल दिलं. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “तुह्या काकाले या गाडीपासून दूर करणं म्हणजे लेकराच्या हातची मिठाई काढणं हाय, पाह्य. जीव हाय त्याईचा तिच्यात.”

रोशन हसला. “काकाचा? काका कुठी चालवते गाडी?”

“म्हणजे?”

“अवो काकू, तुमाले सोडून आले की गाडी घरी लावते न् पायी जाते काट्यावर. पाच वाजता तुमाले आणाले पुन्हा काढते. मी रोज पाहून राहिलो ना. किलोमीटर पाहा तुमी. दिवसाचे बत्तीस, ना एक कमी, ना एक जादा. मी त म्हटलं बी, काका, काट्यावर त नेत जा. त म्हणे, आपल्यासाठी कायले झिजवाची? पायी दहा मिनिटं त लागते.”

मे महिन्यात मी सुट्टीवर घरी असले की हे पायी कामाला जायचे. “उन्हात गाडी तापते,” म्हणायचे, आणि मी खरं मानायचे. त्यावरही मी टोमणा मारला होता, की सवतीला ऊन लागतं, मला मात्र लागत नाही.

म्हणजे पंधरा वर्षांचं पेट्रोल, चार वेळा टायर, ती बॅटरी, ते ऑइल, सगळं एका माणसासाठी होतं, आणि ते माणूस मागच्या सीटवर बसून ह्यांनाच बोलत होतं. मला फार लाज वाटली. आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. पन्नाशी उलटल्यावर असा आनंद कुठे ठेवायचा ते कळत नाही, म्हणून मी पदराने तोंड पुसलं आणि ऊन लागल्याचं दाखवलं.

हे परत आले ते शर्टाच्या खिशात हात घालतच. “कर, रोशन. हे पाच ठेव. बाकीचे सोमवारी देतो.”

“थांबा,” मी म्हणाले. “पैसे खिशात ठेवा. पहिले मले घरी घेऊन चाला.”

“काहून वं?”

“चाला म्हटलं ना.”

रोशनने न सांगता ट्रकची एक जुनी रिम पायाने सरकवली. तिच्यावर पाय देऊन मी चढले. गाडी रस्त्याला लागली. समोरून कंटेनर, मागून ट्रेलर. मी तोंड ह्यांच्या कानाजवळ नेलं.

“माह्या गुडघ्याले चढणं होत नाही आता.”

“काय?”

“गुडघा! गुडघा दुखते माहा! गाडीवर चढणं होत नाही!”

शेजारच्या ट्रकचा क्लीनर खिडकीतून वाकून माझ्या गुडघ्याकडे पाहू लागला. ह्यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, “मालूम हाय.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. शाळेपाशी मी गाडी फाटकात नाही लावत, चौकीदाराच्या पायरीपाशी लावतो. तुले काय वाटलं, काहून?”

मला वाटलं होतं, सावलीसाठी. “मंग बोलले काहून नाही?”

“तू काहून नाही बोलली?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मागच्या सीटवरूनसुद्धा देता येईना. हे आपणहून पुढे बोलले. “गाडी विकतो म्हटलं असतं, त तुले वाटलं असतं का आपण म्हातारी झालो. म्हणून म्हटलं, करू पास. जवापर्यंत तू चढते, तवापर्यंत चालवू.”

“बारा हजार टाकून?”

“मंग का झालं.”

मी ह्यांच्या खांद्यावरचा हात जरा घट्ट केला. “नका टाकू,” म्हणाले. “बस जाते शाळेवरून. नव्या बशीची पायरी खाली असते, धराले दांडा असते. मी बशीनं जाईन, तुमी तसेबी पायीच जाता.”

“रोशन्यानं सांगितलं वाटते,” हे म्हणाले. मानेवरून कळत होतं की हसत आहेत. आमची गल्ली आली आणि गेली. हे वळलेच नाहीत. पुढे टोलनाक्यापर्यंत गेलो, तिथून परत आलो. बत्तीसच्या वर तेवढे किलोमीटर त्या दिवशी जास्त झाले.

शनिवारी रोशन गाडी घेऊन गेला. नऊ हजार दिले त्याने. पास करून तोच विकणार होता. ह्यांनी त्याला किल्ली दिली, दुसरी किल्ली दिली, कागद दिले, आणि तो निघाला तेव्हा आत जाऊन गाडी पुसायचं फडकंही आणून दिलं. “हे घे. हेच वापर, दुसऱ्यानं चरे पडते.” एवढं बोलून हे घरात गेले.

त्या रविवारी आमच्या घरात शांतता होती. हे अंगणात खुर्ची टाकून बसले, बादली काही भरली नाही. “वाढ” म्हणाले. “पुरे” म्हणाले. मी वांग्याची भाजी चांगली झणझणीत केली होती, त्यावरही काही नाही. मला धास्ती बसली. नऊ हजारांत आपण काय विकून बसलो, असं वाटलं. रात्री हे “झोपतो” म्हणाले आणि कूस बदलली.

सोमवारी सकाळी डबा घेऊन मी निघाले, तर हे चपला घालून दारात उभे. आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाशी आलो. धरमकाटा डावीकडे, बसचा थांबा उजवीकडे. हे उजवीकडे वळले. मी विचारलं नाही. आकडा थांबायच्या आत बोलू नये, एवढं मीही शिकले आहे.

बस आली. दांडा धरून मी चढले, एक पाय, मग दुसरा. बायकांच्या सीटवर खिडकीशी जागा मिळाली. हे माझ्या मागच्या सीटवर बसले. कंडक्टर आला. मी रविनगर म्हटलं.

“तुमाले कुठी जायचं, काका?”

“ह्या उतरतीन तिथवर.”

“न् मंग?”

“मंग वापस.”

कंडक्टरने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिकीट फाडलं. बस सुटली. गोदामं गेली, टायरची दुकानं गेली. मी दोन्ही हात डब्यावर ठेवून बसले होते. आता हातांना काही काम नव्हतं.

मग अगदी मानेजवळ, मागून आवाज आला.

“प्रेमिला, मले वाटे का गाडी गेली त आपलं बोलणं बी जाते.”

मला मान वळवावीशी वाटली. फार वाटली. पण वळवली असती तर हे जागच्या जागी गप्प झाले असते. मी समोर ड्रायव्हरच्या आरशाकडे बघत म्हणाले, “बोला ना. ऐकून राहिली मी.”

आणि हे बोलले. इथे वारा नव्हता, “काय, काय” करावं लागत नव्हतं. परवा एका ट्रकवाल्याने ओली वाळू भरून वजन वाढवलं होतं ते सांगितलं. नूपुरच्या घरी पुढच्या महिन्यात जाऊन येऊ म्हणाले. भाजीत मीठ जरा कमी होतं, हेही सांगितलं. मी मनात म्हटलं, रविवारचं सोमवारी का होईना, आलं. रविनगर आलं तेव्हा ह्यांचं बोलणं मध्येच होतं. हे आधी उतरले, मग मी. “बाकीचं पाच वाजता सांगतो,” म्हणाले आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर गेले, वाडीच्या बससाठी.

शाळेची घंटा झाली. मुलं पळत आत गेली. मी फाटकातच थांबले. पंधरा वर्षं ह्या रस्त्यावर मी ह्यांची पाठच पाहिली होती. शर्टाची कॉलर कुठे विरली आहे ते मला डोळे मिटून सांगता येईल. आता मध्ये रस्ता होता, वाहनं जात होती, आणि पलीकडे हे माझ्याकडे तोंड करून उभे होते. कानाजवळचे केस पार पांढरे झालेत, ते मला तिथून दिसलं.

मी हात हलवला. ह्यांनी आधी इकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं, कोणी बघत नाही याची खात्री केली, आणि मग हलवला.