पहिल्या वेच्याचा सिगार

सिगारची राख पडण्याआधी किती लांब होते, ते मी फूटपट्टीने मोजते. त्या रविवारी ती जवळजवळ तीन सेंटीमीटर झाली होती. रंग करडा, मधोमध एक पांढरट वळं आणि टोकाशी केसाएवढी भेग. आत अख्खी पानं वळलेली असतील तर राख अशी घट्ट राहते. तुकडे भरलेले असतील तर ती भुसभुशीत होऊन कपड्यांवर सांडते. ही पडायलाच तयार नव्हती. बापूजींचा हात हलू नये म्हणून आम्ही तिघंही श्वास रोखून बसलो होतो.

"आता पडते," अमरसिंग हळूच म्हणाले.

"नाई पडत," बापूजी ओठ न हलवता म्हणाले. "माल पक्का हाय."

बापूजी माझे वडील. दिग्रसच्या बाजारात त्यांनी सगळी नोकरी कापसाचा दर्जा ठरवण्यात काढली. मूठभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, नाकाशी नेऊन ओल किती ते सांगायचं. त्यांनी एकदा दर्जा सांगितला की व्यापारीही वाद घालत नसत. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या बोटांना काम उरलं नाही. गाडीतून उडून आलेला कापसाचा पुंजका अंगणात दिसला तरी ते तो उचलून त्याचा धागा ओढून बघायचे.

मग माझा चुलतभाऊ रजत दुबईहून सिगारची एक पेटी घेऊन आला. तो तिथल्या विमानतळावरच्या दुकानात कामाला आहे. बापूजींनी एक सिगार कानाशी धरून दोन बोटांत फिरवला, हुंगला आणि म्हणाले, "याच्यात ओल जास्त हाय." तिथून सगळं सुरू झालं.

दर रविवारी सकाळी आमच्या घरापुढच्या छपरीत एक सिगार पेटतो. टोक कापायला सुपारीचा अडकित्ता. साठवणीला स्टीलचा डबा, आणि हवा ना फार कोरडी ना फार दमट राहावी म्हणून त्यात मी ठेवलेली मिठाच्या संपृक्त द्रावणाची बाटली. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, तेवढं मला जमतं. बापूजी अर्धा सिगार ओढतात. अमरसिंग आणि मी दोन-दोन झुरके घेतो, धूर तोंडात खेळवतो आणि सोडून देतो. मग बापूजी त्यांचं मत फोनवर रेकॉर्ड करतात आणि रजत ते शौकिनांच्या एका ग्रुपवर टाकतो. तिथली पुण्या-इंदूरची मंडळी चामडं, कोको, देवदार असली वर्णनं करतात. बापूजी म्हणतात, "सुरुवात तिखट. मंग भाजल्या तुरीवानी. शेवट काकवीचा." फारच आवडला तर तो 'पहिल्या वेच्याचा माल', कारण शेतातल्या पहिल्या वेचणीचा कापूस सगळ्यात उजवा. हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर येणारा हलका कापूस म्हणजे फरदड. त्रिचीच्या एका चिरुटाला त्यांनी फरदड म्हणून एका वाक्यात बाद केलं, ते ग्रुपवरच्या लोकांना इतकं आवडलं की तिकडे आता वाईट सिगारला फरदडच म्हणतात.

आई, म्हणजे वच्छलाबाई, या सगळ्याला 'बापलेकीचं येडेपण' म्हणते. तिसऱ्या माणसाला ती त्यात धरत नाही.

तिसरे अमरसिंग राठोड. ते माझ्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. पुसद रस्त्यावरच्या तांड्यात त्यांचं घर आहे, तिथे त्यांची आई लालीबाई असते. दोन पावसाळ्यांपूर्वी दिग्रसच्या बस स्टँडवर, आर्णीची गाडी लागलेली असताना, त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, आपण लग्न करावं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणाले, "विचार करते." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी विचार करतच राहिले. आम्ही कुणबी आणि ते बंजारा, म्हणून काका-मामा काय म्हणतील, त्याचं उत्तर मी केव्हाच शोधून ठेवलं होतं. माझी शंका वेगळी होती. हा माणूस बापूजींना कधी नाही म्हणत नसे. बापूजी बोलले की ते मान डोलवून म्हणायचे, "बराबर हाय, बापूजी." जवळजवळ दर रविवारी. मला वाटायचं, स्वतःचं मत नसलेल्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे रिकाम्या खोलीत बोलण्यासारखं होईल.

आणि आता फार वेळ उरला नव्हता. किनवटकडच्या एका आश्रमशाळेने त्यांना मुख्याध्यापकाची जागा देऊ केली होती. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. त्यांनी मला हे शनिवारी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि तास घ्यायला निघून गेले.

म्हणून त्या रविवारी मी एक छोटा बदल करून पाहिला. राख शेवटी पडली, सिगार दोघांकडून फिरून बापूजींकडे परत गेला, आणि मी म्हणाले, "आज आधी अमरसिंग मत सांगतील. पहिलं मत ऐकलं की दुसऱ्याचं मत वाकतं. प्रयोगात असं चालत नाही."

"बापूजींच्या आधी?" अमरसिंग दचकले. "नाही नाही. आधी त्यांचं."

प्रयोग फसला. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो बापूजींसमोर धरला.

"नमस्कार मंडळी," बापूजी ताठ बसले. "दिग्रसहून बापूजी बोलून राह्यलो. आजचा माल डोमिनिकन. वरचं पान बारीक शिरेचं, रंग खारकेवानी. राख पाहा, पोरीनं मोजली हाय. आन् खरी गंमत शेवटाले. एक कडवटपणा येते, औषधी, जिभीच्या मांगच्या बाजूले. असा कडवटपणा साध्या मालात सापडत नाई. उंची मालाची खूण हाय ते. पहिला वेचा! दहापैकी साडेनऊ."

मी अमरसिंगांकडे पाहिलं. त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकली, खुर्चीचे हात धरून अर्धे उठले आणि परत बसले.

"मॅडम, हे पाठवू नका," ते म्हणाले.

"काहून?" बापूजींच्या भुवया वर गेल्या.

"बापूजी, हा कडवटपणा सिगारचा नाई. कडूनिंबाचा हाय."

"काय?"

"कडूनिंबाचा. पहिल्या झुरक्यालाच समजलं."

"मास्तर, तू मले माल शिकवून राह्यला काय? चवाळीस हजार गाठी गेल्या या हातातून!"

"कापसाचं तुमीच सांगा, मी ऐकतो. पण ग्रुपवर चार जणांनी हाच सिगार ओढला हाय. त्यांना कुठं कडू लागलं? उद्या ते म्हंतीन, दिग्रसच्या बापूजीले काही समजत नाई. तुमच्यावर कोणी हासलं तं मले नाई चालत."

अमरसिंगांचे कान लाल झाले होते. पण त्यांनी नजर खाली घातली नाही. बापूजींचाही श्वास वाढला होता. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही तिघंही दचकलो.

आणि त्या शिट्टीमागोमाग आई दारात आली.

"कडूनिंब तं मीच टाकला," ती म्हणाली.

"कुठं टाकला?"

"डब्यात. मांगच्या हप्त्यात तुरीत भुंगे झाले ना? कोठीत पाला टाकला. बाजूले तुमचा डबा. म्हटलं, याच्यातबी पानच हाय, यालेबी कीड लागन. कागदाखाली टाकला मूठभर."

बापूजींनी डबा ओढला, तळाचा कागद उचलला. खाली वाळलेला, चुरलेला पाला व्यवस्थित पसरलेला होता. आई धान्याच्या कोठीत पसरते, तसाच. तंबाखूचं पान शेजारचा वास ओढून घेतं, हे मी वर्गात शिकवू शकले असते. घरात मात्र बाटली बदलताना कागद उचलून बघायचं सुचलं नव्हतं.

"पन मले कसं नाई समजलं?" बापूजींचा आवाज एकदम बारीक झाला.

"बापूजी, तुम्ही रोज सकाळी दात कशाने घासता?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अंगणातल्या कडूनिंबाकडे. त्याच्या खालच्या फांद्या त्यांनी वर्षानुवर्षं काड्या तोडून बोडक्या केल्या आहेत.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "साडेनऊ मार्क म्या आपल्याच झाडाले देल्ले?"

आधी आई हसली. मग बापूजींना एवढं हसू आलं की सिगार बशीत ठेवावा लागला आणि मला त्यांची पाठ चोळावी लागली. डोळे पुसून ते अमरसिंगांकडे वळले.

"पन काय रे मास्तर, तोंडात जीभ होती तं इतके दिवस काहून नाई बोलला? दर वेळी आपलं, बराबर हाय बापूजी, बराबर हाय बापूजी!"

"बराबर होतं तेव्हाच म्हणलो," अमरसिंग म्हणाले. "नाई पटलं तं पाणी प्याले आत जात होतो."

"बाप्पा!" आईने कपाळाला हात लावला. "म्हणून त्या त्रिचीच्या दिवशी तीन लोटे पाणी प्याला? मले वाटलं, मास्तरची शुगर वाढली! मी तं लालीबाईले निरोप धाडणार होती, पोराचं रक्त तपासा म्हणून."

"त्रिचीचा वाईट नव्हता," अमरसिंग पुटपुटले. "फरदड म्हणण्याइतका तं नाईच."

एकेक रविवार मला आठवत होता. बापूजींनी काकवी म्हटलं होतं त्या दिवशी ते जागेवरून हलले नव्हते. क्युबाच्या बारक्या सिगारला बापूजींनी नावं ठेवली तेव्हा ते पाण्याला गेले होते, आणि मला तो सिगार मनातून आवडला होता. सगळी निरीक्षणं माझ्या डोळ्यांसमोर होती. मी राख मोजत बसले होते.

"आज का नाही गेलात?" मी विचारलं.

"आज गेलो असतो तर बापूजींचं ते बोलणं ग्रुपवर गेलं असतं. आणि किती पाणी प्यायचं, मॅडम?"

बापूजींनी सिगार पुन्हा हातात घेतला, हुंगला, आता मात्र तोंड वाकडं केलं. "चाल, नवीन बोलतो. मंडळीले खरं सांगतो, आमच्या घरच्या मालकिणीनं फवारणी केली म्हणून. दिपे, फोन धर. आन् आज तू बी बोल. मास्तरचं झालं, माह्यं झालं. तुयं काय म्हणनं हाय ते सांग."

फोन अजून चालूच होता. सगळं त्यात भरलं गेलं होतं, कुकरच्या शिट्टीसकट. मी तो बंद केला आणि फूटपट्टीशेजारी पालथा ठेवला. आई दारात तशीच उभी होती. अमरसिंग माझ्याकडे बघत नव्हते. ते आतल्या दाराकडे बघत होते, आणि त्यांचे हात पुन्हा खुर्चीच्या हातांवर गेले होते.

"बसा," मी त्यांना म्हणाले. "पाणी नंतर प्या."

ते बसले.

"बापूजी, आई," मी म्हणाले, "मी अमरसिंगांशी लग्न करणार आहे. किनवटला काय कळवायचं, ते आम्ही दोघं मिळून ठरवू."