पेठेतले उलटे पितर

एकोणीसशे सातच्या भाद्रपदात जुन्नरच्या पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. का, तर पितरबुवा नावाचा कुणी उपटसुंभ भाड्याच्या खोलीत लोकांना मेलेले पूर्वज दाखवत होता! मी शाळामास्तर. माझा निम्मा वर्ग आज्याला भेटायला पळालेला. डोकं भडकलं, आणि कंदील बनवणाऱ्या सत्तारभाईंना घेऊन मीही आत शिरलो.

आत मिट्ट काळोख. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर मात्र उजेडाची रंगीत माणसं चालत होती, डोकं खाली, पाय वर! खोटं कशाला सांगू, क्षणभर माझीही बोबडी वळली.

"श्राद्ध चुकलं की पितर असे उलटे टांगले जातात," बुवा खर्जात सांगत होता. "तोंडं ओळखू येत नाहीत, कारण मधे मायेचा पडदा आहे."

"पर बुवा, मगाशी ढग आला तवा समदे गडप झाले की!" कुणीतरी म्हणालं.

"जेवायला गेले होते."

ओझरची साळुबाई धाय मोकलून रडत होती. "ते लाल मुंडाशाचं माझं धनीच हायेत! आवं, त्यास्नी सरळ करा!"

"उद्या दुभती म्हैस दान कर. सरळ होईल."

घरात दोन लेकरं, आणि त्या म्हशीवरच तिघांचं पोट. तरी बाई "देते" म्हणाली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात तालमीतला हौशीराम ओरडला, "आवं बुवा, पितरांत ह्यो मोडक्या शिंगाचा बैल कसा? ह्यो तर माझा हाय! आत्ता भाईर बांधलाय, लई धडधाकट!"

"त्याचे दिवस भरत आलेत," बुवा डगमगला नाही.

सत्तारभाई हसले. रस्त्याकडच्या बंद खिडकीच्या फळीला हरभऱ्याएवढं भोक होतं, त्यावर त्यांनी तळहात ठेवला. पितर गायब! हात काढला, पितर हजर!

"माझ्या दुकानात खिडकीला पत्रा लावलाय, त्याला असंच भोक आहे," ते म्हणाले. "भिंतीवर रोज हाच बाजार भरतो, मास्तर."

मी पुढं झालो. "उजेड सरळ रेषेत चालतो. बाहेर उन्हातल्या माणसाच्या डोक्याकडून निघालेला भोकातून खाली उतरतो, पायाकडचा वर चढतो. म्हणून माणूस उलटा दिसतो."

"मोठा शहाणा!" बुवा गरजला. "एक तरी पितर सरळ करून दाखव!"

हौशीराम बाहेर पळाला आणि भर पेठेत हातांवर उभा राहिला, पाय आभाळात. भिंतीवरच्या उलट्या जगात तो एकटाच सरळ! बायकांनी हसू दाबायला तोंडात पदर कोंबले. बुवा मागच्या दारानं पसार झाला.

साळुबाई मात्र हसली नाही. "मास्तर, मंग माझं धनी टांगल्यालं न्हाईत ना?"

"नाही बाई. ते मुंडासं रस्त्यावरच्या कुणा जित्या माणसाचं. तुमच्या धन्याला कुणीही टांगलेलं नाही."

ती पुन्हा रडली, पण या खेपेला जीव हलका होऊन. मग डोळे पुसून म्हणाली, "जाते. धारंची येळ व्हईल."

बाबांनो, गेलेल्या माणसासाठी रडा, खुशाल रडा. पण कुणी त्याला भिंतीवर दाखवायला लागला, तर दावणीची म्हैस सोडण्याआधी एवढं बघा, की उजेड येतोय कुठून.