रिकाम्या खोलीची वजावट

"हा सोफा इथं कुणी आणून ठेवला?"

नवरा शाबासकीच्या अपेक्षेनं दारातच उभा होता. "ताईचा आहे. म्हटलं, आज कराचे साहेब येणार, आणि तुझी ती खोली अगदीच भकास दिसते."

त्याची ताई, म्हणजे तिची नणंद, वरच्या मजल्यावर राहायची. बायको सकाळी बाजारात गेली तेवढ्यात या भावंडांनी सोफा, टीपॉय, सतरंजी आणि फुलदाणी असा सगळा संसार खाली उतरवला होता. नणंद अजून सतरंजीच्या सुरकुत्या सरळ करत होती.

"माणसाला काय उभं ठेवणार होतीस? जरा घरपण नको दिसायला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वन्सं, घरपण दिसलं की सगळं मुसळ केरात! इथं घर नाही, काम आहे, एवढंच तर दाखवायचं होतं मला."

ती मूकाभिनय करायची. रंगमंचावर दीड-दोन तास एक शब्द न बोलणारी ही बाई घरात मात्र कुणाला बोलू द्यायची नाही, म्हणून शेजारीपाजारी तिला मौनीबाई म्हणत. मागची खोली तिची तालमीची. भिंतभर आरसा आणि लाकडी फळ्यांची जमीन, बाकी काही नाही. घरातून व्यवसाय करणाऱ्याला कामाच्या खोलीचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. अट एकच, त्या खोलीत दुसरं काही होता कामा नये. शिंप्याला ही वजावट मिळते, नकाशे काढणाऱ्याला मिळते. तिनं मागितली तेव्हा कर कार्यालयानं कळवलं की हा अर्जदाराचा छंद दिसतो.

रक्कम काही फार मोठी नव्हती. सल्लागार म्हणाला, सोडून द्या. पण छंद हा शब्द तिच्या घशाखाली उतरेना. गुडघ्यांची वाट लागली, कमरेला पट्टा आला, तो काय हौसेनं? तिनं हरकत घेतली, आणि म्हणून आज अधिकारी खोली बघायला येणार होते.

बेल वाजली. खांद्याला पिशवी लावलेले, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ आत आले. त्यांनी चौफेर नजर फिरवली.

"दिवाणखाना छान आहे. तालमीची खोली कुठली?"

"हीच की!" नणंद लगबगीनं म्हणाली. "बसा ना, चहा टाकते."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता.

"बसू नका," ती म्हणाली. साहेब अर्धवट वाकलेले तसेच राहिले. तिनं सोफ्याची एक बाजू उचलली. "अहो, बघताय काय? धरा तिकडून."

सोफा तिरका करत, दाराला ठोकत, नवरा-बायकोनं तो बाहेरच्या पॅसेजमध्ये नेला. मागून टीपॉय गेला, सतरंजी गेली. फुलदाणी नणंदेच्या हातात राहिली.

"बाई, तुम्ही आता काहीही बाहेर काढा," साहेब शांतपणे म्हणाले, "मी आलो तेव्हा इथं सोफा होता."

"होता. आज सकाळपासून. या उभ्या आहेत ना, यांनाच विचारा."

"माझाच आहे हो," नणंद म्हणाली. "वरून आणला. उतरवताना जिन्याचा कठडा खरवडला. सोफ्याच्या पायाला हिरवा रंग लागलाय बघा अजून."

साहेबांनी खरोखरच बाहेर जाऊन, वाकून सोफ्याचा पाय बघितला. परत आले तेव्हा त्यांचा आवाज जरा मऊ होता.

"असं करू. अर्धी खोली कामाची धरू, अर्धी घराची. तुमचंही राहील, माझंही राहील."

"नको."

"अगं, एवढं म्हणतायत तर..." नवरा म्हणाला.

"नको म्हटलं ना! अर्धी घराची म्हणजे मी अर्धी हौशी झाले."

"पण रिकाम्या खोलीत काम तरी काय असतं?" साहेबांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"रिकामी आहे म्हणून तर काम होतं. मी नसलेल्या खुर्चीवर बसते, नसलेलं दार उघडते. खरी खुर्ची समोर असली तर माझी कुणाला दिसणार? मलाच दिसणार नाही."

"जरा करून दाखव ना त्यांना," नवरा पुटपुटला.

"मुळीच नाही. दाताच्या डॉक्टरला कुणी म्हणतं का, आधी एक दात उपटून दाखवा, मग ठरवू धंदा आहे की छंद ते?"

नणंदेला हसू आवरेना. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"एक प्रश्न नियमानं विचारावाच लागतो. या खोलीत कधी कुणी राहिलंय? पाहुणे, आजारी माणूस? एखाद्या वेळीसुद्धा?"

नवऱ्यानं मान खाली घातली. नणंदेचं हसू विरलं.

"नाही," ती म्हणाली. "माझी आई शेवटचं वर्ष आमच्याकडे होती. तिची खाट बाहेर पॅसेजमध्ये होती. मी आरसा काढायला माणूससुद्धा बोलावला होता. म्हटलं, आई, या खोलीत ऊन येतं, खिडकी आहे, आत चल. ती ऐकेचना. म्हणाली, खाट आत आली की तू बाहेर पडलीस, आणि एकदा बाहेर पडलेल्या बाईला परत कोण घेतं? बाहेर ना वारा ना उजेड. कूस बदलायची तर भिंतीला कोपर लागायचं. मला दार उघडं ठेवायला लावायची आणि बघत पडायची. तिथंच गेली."

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढलेलाच होता. "अर्धीच खोली मागायची असती, साहेब, तर आईला पॅसेजमध्ये कशाला मरू दिलं असतं?"

मग साहेबांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि आतून मोजपट्टी काढली.

"पूर्ण खोली धरायची तर मोजून घ्यावी लागेल. टोक धरता का कुणी?"

नवरा पुढे झाला, पण टोक तिनं घेतलं. गुडघे कुरकुरले, तरी ती भिंतीशी बसली.

"आरशाच्या चौकटीपासून धरलं तरी चालेल," साहेब म्हणाले.

"चौकटीपासून नाही." तिनं चौकटीमागच्या फटीत बोटं घातली आणि पट्टीचं टोक भिंतीवर दाबून धरलं. "भिंतीपासून भिंतीपर्यंत घ्या. बोटभरसुद्धा सोडायची नाही."

साहेब पट्टी सोडत सोडत, एकेक पाऊल मागे सरकत समोरच्या भिंतीकडे निघाले.