तिच्या मागे पळायचं नाही

रविवारची सकाळ. शेंद्र्यातल्या वैजनाथच्या घरात दूध वर आलं होतं, सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि कालिंदी उंबऱ्याशी लेकीच्या पोटऱ्यांना तेल लावत होती. उमाच्या उजव्या पोटरीवर तीन वळ होते. निळे होऊन आता कडेने पिवळे पडू लागलेले.

"दुखतंय?"

"नाय," उमा म्हणाली आणि पाय आखडून घेतला.

ते वळ हरल्याचे नव्हते, जिंकल्याचे होते.

आठशे मीटर म्हणजे मैदानाचे दोन फेरे. शाळेचे मुकुंद सर उमाला वर्षभर एकच गोष्ट घोकून घेत होते. "पहिला फेरा बहात्तर सेकंदांत, त्याच्या आत नाय. वारं दुसरीला खाऊ दे, तू तिच्या पाठीला चिकटून राहा. राखलेला दम शेवटच्या वळणावर काढायचा." तालुक्याच्या शर्यतीत उमाने अगदी तसंच केलं. पावणेदोन फेरे ती यशोधराच्या मागे राहिली, शेवटच्या शंभर मीटरमध्ये तिला मागे टाकलं आणि ढाल घेऊन हसत घरी आली.

पण यशोधरा गावाबाहेरच्या दलित वस्तीतली. तिची आई आवडाबाई याच घराच्या शेतात खुरपायला येई आणि चहा पिई तो गोठ्यातल्या वेगळ्या कपात.

वैजनाथने ढालीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. "सारी भावकी बघत बसलेली, अन् माझी पोर त्या पोरीच्या टाचा बघत पळती!"

"अहो, जिंकली ना ती," कालिंदी दबकत म्हणाली होती.

"जिंकली? मागं पळून? आपल्या घरातलं माणूस आजवर त्यांच्या मागं चाललं नाय, अन् ही पळाली! लोक काय म्हणत्याल?"

मग ठिबकची काळी नळी हवेत सणसणली होती. कॉलेजात असताना समतेवर बोलून वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेली कालिंदी दारात उभी राहिली होती. नंतर तिने हळद लावली आणि लेकीच्या कानात सांगितलं, "ऐक बाई त्यांचं. थोडे दिवस."

आज जिल्ह्याची शर्यत होती, गारखेड्याच्या मैदानावर. पहिल्या दोघींची पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड व्हायची होती. मायलेकी जीपमध्ये बसताना वैजनाथ मागे न बघताच उमाला बोलला, "बंदूक वाजली की पुढं. शेवटापर्यंत पुढं. ती पुढं दिसली तर घरी गाठ माझ्याशी हाय."

सुरुवातीच्या रेषेपाशी यशोधरा उमाजवळ आली. "उमे, लई फाडू नको आज. समोरचं वारं बेकार हाय. अर्धा राउंड मी पुढं ऱ्हाऊन वढते, अर्धा तू वढ. दोघी बी जाऊ पुण्याला."

उमाने मान खाली घातली. "मला नाय जमायचं, यशे."

बंदूक वाजली आणि उमा वाघ मागे लागल्यासारखी सुटली. समोरच्या सरळ पट्ट्यावर वारा छातीवर घेत ती एकटी पळत राहिली. पहिला फेरा संपल्याची घंटा झाली तेव्हा मुकुंद सरांनी घड्याळ पाहून कपाळावर हात मारला. "चौसष्ट! मेली पोर!"

"बघा, वाघीण हाय माझी!" वैजनाथ दोरीपाशी नाचत होता. यशोधरा तेव्हा चाळीस पावलं मागे होती. ना घाई, ना गडबड, सरांचा धडा जणू तीच गिरवत होती.

सहाशे मीटरवर उमाचे पाय दगड झाले. तोंड वासलं, मान मागे पडली, हात पाण्यात हलवावेत तसे हलू लागले. मागून यशोधराची पावलं वाजू लागली. तीस पावलं, पंधरा, पाच. शेवटच्या वळणावर ती उमाच्या खांद्याला आली.

"आडवी हो!" वैजनाथ किंचाळला. "आडवी हो तिला! जाऊ देऊ नको!"

उमा उजवीकडे झुकली. तिचं कोपर यशोधराच्या छातीत बसलं आणि दोघी एकमेकींच्या पायांत अडकून कोसळल्या. उमाच्या बुटाचे खिळे यशोधराच्या नडगीत रुतले आणि घोट्यापर्यंत कातडं फाडत गेले. पांढरं हाड दिसलं. मग रक्त आलं, चुन्याची रेघ बुडवत. बाकीच्या मुली बाजूने पळून गेल्या.

पंच धावत आले. उमा गुडघ्यांवर उठली. "सर, तिची चूक नाय. मी मुद्दाम आडवी झाले. पप्पा म्हणले म्हणून."

वैजनाथने दोरी ओलांडली. वळणावर रोवलेली झेंड्याची काठी त्याने उपटली आणि पहिला वार उमाच्या पाठीत घातला. दुसरा मानेवर. "चार माणसांत नाव घेती व्हय बापाचं!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "त्याची पोर हाय, आपल्याला काय!" आणि ती सगळी माणसं तशीच उभी राहिली.

तिसरा वार उमाच्या डोक्यावर येत होता. तो कालिंदीच्या हातावर पडला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. तरी दुसऱ्या हाताने तिने काठी धरली आणि सोडली नाही. मुकुंद सर धावले, मग आणखी दोघे.

"बास," ती म्हणाली. "हिला मी घरी नेणार नाय. मी बी येणार नाय."

घाटी दवाखान्यात डॉक्टरांनी कालिंदीच्या डाव्या हाताला प्लास्टर घातलं. उमाच्या मानेची पट्टी करून झाली. ती बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली. हवालदार कागद घेऊन आला. शिकलेली बाई बघून त्याने पेन कालिंदीच्याच हाती दिलं. तिने लिहिलं: *माझे पती वैजनाथ यांनी घरगुती कारणावरून मला व मुलीला काठीने मारहाण केली.*

पडद्यापलीकडून यशोधराचं ओरडणं ऐकू येत होतं. टाके पडत होते. आवडाबाई बाहेर आली. तिच्या लुगड्याचा पदर लेकीच्या रक्ताने कडक झाला होता.

"काय लिवलं, वैनी?"

कालिंदीने वाचून दाखवलं.

आवडाबाईने शांतपणे ऐकलं. "तुमच्या पोरीला मारलं, ते आलं. माझ्या पोरीचा पाय फाटला, ते कुठं हाय त्यात? अन् घरगुती कारण म्हंजी? भाजीत मीठ जास्ती झालं व्हतं का?"

उमाने भिंतीकडून मान वळवली होती. ती आईकडे बघत होती.

"बाई, सही करा," हवालदार म्हणाला. "कारण-बिरण लई खोल नका घेऊ. प्रकरण वाढतंय. गावात राहायचंय तुम्हाला."

"यशोधरालाही त्याच गावात राहायचंय," कालिंदी म्हणाली.

मांडीवर कागद ठेवून तिने 'घरगुती कारणावरून' या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली. वर जागा थोडी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: *माझी मुलगी दलित मुलीच्या मागे पळू नये म्हणून.* त्याखाली यशोधराचं पूर्ण नाव, तिची जखम, आणि त्या मुलीला आडवं जाण्याचा हुकूम कोणी दिला ते.

"आता वाचा," आवडाबाई म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

बाकावरची माणसं बोलायची थांबली. कालिंदी उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली.